जीविताचें त्रैराशिक

आमच्याकडील कोणतेंही दैनिक उघडावें, त्याच्या एखाद्या कोपऱ्यांत मदतीचें आवाहन बहुधा आढळतें. लहान मुलाचें छायाचित्र, रोगाचें नांव, शस्त्रक्रियेस लागणारी रक्कम आणि बँकेंतील खात्याचा क्रमांक, एवढाच त्यांतील मजकूर असतो. वाचणारा हळहळतो, ज्याच्यानें होतें तो कांहीं धाडतो, आणि त्यांतलीं कांहीं मुलें वांचतात. ज्या मुलाचें छायाचित्र छापून आलें नाहीं त्याच्याविषयीं मात्र कोणास हळहळ वाटत नाहीं, कारण तें मूल कोणीं पाहिलेलेंच नसतें. द्रव्य अपुरें आणि रोगी पुष्कळ अशी स्थिति असतां कोणास वांचवावें आणि कोणास दैवावर सोडावें, याचा निवाडा अशा रीतीनें दररोज होतच असतो. तो कोणीं केला एवढेंच काय तें सांगतां येत नाहीं.

हा निवाडा उघडपणें, कांहीं तत्त्व धरून आणि हिशेब मांडून करतां येईल काय, हा प्रश्न वाटतो तितका नवा नाहीं. लंडनमध्यें १६६५ सालीं प्लेगनें हाहाकार उडविला, त्यानंतर दोनच वर्षांनीं सर विल्यम पेटी या वैद्यक व अर्थशास्त्र या दोहोंत गति असलेल्या गृहस्थानें एक टिपण लिहिलें. सांथीच्या वेळीं नगरवासीयांस शहराबाहेर हलविण्यास किती खर्च येईल, त्यानें किती जीव वांचतील आणि प्रत्येक जीवाचें राष्ट्रास मोल काय, हें मांडून त्यानें असा हिशेब केला कीं, या कामीं खर्चिलेल्या एका पौंडास ८४ पौंडांचा परतावा मिळेल. त्यांतील आंकडे आज कोणी मानणार नाहीं. परंतु मनुष्याचें जीवित आणि सरकारी तिजोरी हीं दोन्ही एकाच त्रैराशिकांत बसवितां येतात, ही कल्पना तेव्हांपासून पुसली गेली नाहीं. मात्र पुढील तीन शतकें ती बहुतांशीं कागदावरच राहिली. रोग्याच्या उशाशीं बसलेल्या वैद्यास तिची खरी निकड भासली ती १९६० नंतर, आणि तीही एका नळीमुळें. त्या नळीपासून पुढें काय काय घडलें, आणि त्यांतून आम्हांस घेण्याजोगें काय आहे, हें पाहण्याचें या लेखांत योजिलें आहे.

अमेरिकेच्या वायव्य टोंकास सिअ‍ॅटल हें शहर आहे. तेथील विद्यापीठांतील डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनीं १९६० च्या मार्च महिन्यांत एका रोग्याच्या हातांत टेफ्लॉनची वांकविलेली नळी बसविली. कृत्रिम मूत्रपिंडाचें यंत्र त्यापूर्वीं नव्हतें असें नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हॉलंडमध्यें विलेम कोल्फ यांनीं तें सिद्ध केलें होतें. परंतु प्रत्येक खेपेस रोग्याची रक्तवाहिनी नव्यानें उघडावी लागे, आणि थोड्याच खेपांत उघडण्याजोगी वाहिनी उरत नसे. त्यामुळें ज्याचीं मूत्रपिंडें कांहीं दिवसांपुरतीं बिघडलीं आहेत त्यासच त्या यंत्राचा उपयोग होई. स्क्रिब्नर यांची नळी धमनी व शीर यांना जोडलेली अशी हातांतच राहूं लागली. आणि मूत्रपिंडें कायमचीं निकामी झालेला मनुष्य ठराविक दिवशीं यंत्रास जोडून घेऊन वर्षानुवर्षें जगूं शकतो, हें दिसून आलें. पहिला रोगी विमानांच्या कारखान्यांतील एक कामगार होता. मरणाच्या दारांतून परतलेला तो गृहस्थ त्यानंतर ११ वर्षें जगला.

विद्येचा असा विजय झाला, आणि त्याच क्षणीं नीतीची अडचण उभी राहिली. १९६२ च्या जानेवारींत सिअ‍ॅटल येथें कृत्रिम मूत्रपिंडाचें केंद्र उघडलें. पण खाटा मोजक्या, यंत्रें मोजकीं, आणि एका रोग्याचा वर्षाचा खर्च १०,००० डॉलरांहून अधिक. वैद्यांनीं आधीं आपल्या परीनें चाळणी लावली. मुलें वगळलीं, उतारवयाचे लोक वगळले, ज्यांस इतर रोग जडलेले होते तेही वगळले. तरीही जे उरले ते उपलब्ध जागांहून अधिकच होते. त्यांच्यांतून निवड करण्यासाठीं सात नागरिकांची एक समिति नेमण्यांत आली. तींत एक धर्मोपदेशक, एक वकील, एक पेढीवाला, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार-पुढारी आणि एक शस्त्रवैद्य होते. त्यांचीं नांवें गुप्त ठेवलेलीं होतीं. रोग्याचें वय, त्याचा संसार, त्याच्यावर अवलंबून असलेलीं माणसें, मिळकत, शिक्षण, व्यवसाय, मनाचें स्थैर्य, आजवरची वागणूक आणि पुढें समाजास होणारा उपयोग, इतक्या गोष्टींची छाननी ही समिति करी, आणि मग एकास यंत्र मिळे व दुसऱ्यास मिळत नसे. ज्यास मिळत नसे तो कांहीं आठवड्यांत मरे.

९ नोव्हेंबर १९६२ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकांत शॅना अलेक्झांडर या लेखिकेनें या समितीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, तेव्हां लोकांस कळलें कीं, परमेश्वराच्या खुर्चीवर सात शेजारी बसविलेले आहेत. ते दुष्ट नव्हते. आपल्यावर पडलेला भार त्यांस दुःसह वाटत होता, आणि तो त्यांनीं प्रामाणिकपणें वाहिला. परंतु त्यांच्या हातीं दुसरें कोणतेंच माप नव्हतें, म्हणून त्यांनीं आपलेंच माप लावलें. मध्यम स्थितीच्या, संसारी, नोकरीधंद्यांत स्थिर असलेल्या सात माणसांस मध्यम स्थितीचा, संसारी व स्थिर मनुष्य वांचविण्यास योग्य वाटावा, यांत नवल नाहीं. १९६८ सालीं कायद्याच्या एका नियतकालिकांत दोघां लेखकांनीं या पद्धतीचा समाचार घेतांना असा टोला मारला कीं, थोरोसारख्या एकलकोंड्या मनुष्याचीं मूत्रपिंडें बिघडलीं तर या प्रांतांत त्याचा निभाव लागावयाचा नाहीं. ज्याच्या निबंधाचा गांधीजींनीं आदरानें उल्लेख केला तो थोरो ज्या तराजूंत हलका ठरतो, तो तराजू सदोष आहे हें निराळें सांगण्याची गरज नाहीं.

या लज्जेंतून सुटण्याचा एक राजमार्ग होता. तो म्हणजे निवडच करावयाची नाहीं, सर्वांचा खर्च सरकारनें सोसावयाचा. १९७१ च्या नोव्हेंबरांत वॉशिंग्टन येथें काँग्रेसच्या एका समितीसमोर एका रोग्यानें स्वतःस यंत्राला जोडून घेऊन साक्ष दिली. पुढील वर्षीं, ३० ऑक्टोबर १९७२ रोजीं, अध्यक्ष निक्सन यांनीं ज्या कायद्यावर सही केली, त्यानें मूत्रपिंडें निकामी झालेल्या बहुतेक सर्व नागरिकांच्या उपचारांचा भार ‘मेडिकेअर’ या मूळच्या वृद्धांसाठीं असलेल्या सरकारी विमा-योजनेवर टाकला. आरंभीं असे रोगी सुमारें १०,००० होते. आज अमेरिकेंत डायलिसिसवर जगणाऱ्यांची संख्या पांच लाखांच्या वर गेली आहे. मेडिकेअरच्या लाभार्थींत शेंकडा एकाच्या आसपास भरणाऱ्या या रोग्यांकडे तिच्या खर्चाचा शेंकडा सातांच्या आसपास भाग जात आला आहे. जीव वांचले हें खरें, आणि त्याचा आनंद मानलाच पाहिजे. परंतु ज्याचीं मूत्रपिंडें नव्हेत तर यकृत निकामी झालें त्यानें काय करावें? ज्या गरोदर बाईस नुसती तपासणी करून घेण्यासही पैसे नाहींत तिनें कोणाच्या समितीसमोर जाऊन साक्ष द्यावी? जो रोगी दिसला त्याच्यासाठीं तिजोरी उघडली. जो दिसला नाहीं तो बाहेरच राहिला. दैनिकांतील आवाहनाचीच ही राष्ट्रव्यापी आवृत्ति होती, असें आम्हांस वाटतें.

याच सुमारास मूत्रपिंडाच्याच प्रश्नावर एक निराळा विचार चालला होता. हर्बर्ट क्लार्मन व त्यांचे दोन सहकारी यांनीं १९६८ सालीं एक हिशेब प्रसिद्ध केला. यंत्रावर ठेवून आयुष्याचें एक वर्ष मिळविण्यास किती खर्च येतो, आणि दुसऱ्याचें मूत्रपिंड बसवून तें मिळविण्यास किती येतो, एवढाच मूळ प्रश्न होता. परंतु यंत्राला बांधलेलें वर्ष आणि मोकळेपणानें हिंडण्याफिरण्याचें वर्ष हीं सारखीं कशीं मानावीं? म्हणून त्यांनीं रोपणानें लाभलेलें एक वर्ष यंत्रावरील सव्वा वर्षाइतकें धरलें. हा ‘सव्वा’ त्यांनीं अंदाजानेंच घेतला होता. पण त्यांतून एक शास्त्र उभें राहिलें. पूर्ण आरोग्यानें काढलेल्या वर्षास १ ही संख्या द्यावी, मृत्यूस शून्य द्यावें, आणि व्याधींत काढलेल्या वर्षास त्यांमधील योग्य तो अपूर्णांक द्यावा. मग कोणताही उपचार असे किती एकांक मिळवून देतो हें मोजावें, आणि त्याच्या खर्चास त्या संख्येनें भागावें. जेथें भागाकार लहान तेथें पैसा आधीं घालावा. या एकांकास इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘क्वाली’ म्हणतात. आम्ही त्यास गुणभारित वर्ष म्हणूं. सिअ‍ॅटलच्या तराजूंतील सर्वांत मोठा दोष यांत नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत येईलच. येथें रोगी कोण, त्याचें लग्न झालें आहे कीं नाहीं, तो देवळांत जातो कीं नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं. धनिकाचें वर्ष आणि मजुराचें वर्ष सारखेंच मोजलें जातें.

असें हें माप हातीं घेऊन एक सबंध राज्य पुढें सरसावलें, तो प्रसंग सविस्तर सांगण्याजोगा आहे. ओरेगॉन हें वॉशिंग्टन राज्याच्या दक्षिणेस लागून असलेलें राज्य. तेथील विधिमंडळानें १९८७ सालीं असा विचार केला कीं, ‘मेडिकेड’ या गरिबांसाठीं असलेल्या योजनेंतून पुढील दोन वर्षांत सुमारें ३० रोग्यांच्या अवयवरोपणांवर जो पैसा जाईल, तेवढ्यांत सुमारें १,५०० गरिबांस साध्या उपचारांचा लाभ देतां येईल. म्हणून रोपणांचा खर्च देणें बंद करावें. हिशेब बिनतोड दिसत होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत रक्ताच्या कर्करोगानें आजारी असलेला सात वर्षांचा एक मुलगा वारला. अस्थिमज्जेच्या रोपणास सुमारें १,००,००० डॉलर हवे होते. त्याच्या घरच्यांनीं लोकांकडे हात पसरून वर्गणी जमविली. ती पुरी होण्यापूर्वींच मुलगा गेला. १,५०० जणांचीं नांवें कोणास ठाऊक नव्हतीं. या एका मुलाचें नांव मात्र सबंध देशास ठाऊक झालें.

विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष जॉन किट्झहाबर हे स्वतः तांतडीच्या रोग्यांवर उपचार करणारे डॉक्टर होते. त्या मुलाचा मृत्यु त्यांस लागला नसेल असें कोण म्हणेल? तथापि रोपणांचा पैसा पुन्हां सुरू करण्याची मागणी आली तेव्हां त्यांनीं तीस विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ असा कीं, तिजोरींत आणखी पैसा घालतां येत असेल तर तो प्रथम कोठें घालावा, हा खरा प्रश्न आहे; आणि त्याचें उत्तर वर्तमानपत्रांतील छायाचित्र पाहून देतां येणार नाहीं. यांतून १९८९ चा कायदा झाला. दारिद्र्यरेषेखालील प्रत्येकास योजनेंत घ्यावयाचें. पैसा अपुरा पडल्यास माणसें गाळावयाचीं नाहींत, उपचार गाळावयाचे. आणि कोणते उपचार आधीं गाळावयाचे याची यादी सर्वांसमक्ष करावयाची, असें त्याचें सूत्र होतें. पांच वैद्य, एक परिचारिका, एक समाजसेवक आणि चार सामान्य नागरिक अशा ११ जणांच्या आयोगाकडे हें काम सोंपविलें. राज्यभर ४७ सभा झाल्या. कोणती व्याधि किती दुःसह वाटते, हें १,००१ नागरिकांस दूरध्वनीवरून विचारण्यांत आलें. १९९० च्या मे महिन्यांत सुमारें १,६०० उपचारांची पहिली यादी बाहेर पडली.

ती पाहून लोक थक्क झाले. दांतावर टोपी बसविण्याचा उपचार गर्भाशयाबाहेर राहिलेल्या गर्भाच्या शस्त्रक्रियेहून एक पायरी वर होता. ती शस्त्रक्रिया न केल्यास तरुण स्त्री रक्तस्रावानें मरूं शकते. दांतास टोपी न बसविली तर दांत दुखतो. हें घडलें कसें? गणितांत चूक झाली म्हणावी तर तसें नव्हतें. टोपीस सुमारें ३८ डॉलर लागत. तिनें आरोग्यांत ०.०८ इतकी भर पडते आणि ती चार वर्षें टिकते, असें धरलें होतें. म्हणजे गुणभारित वर्षें ०.३२. शस्त्रक्रियेस सुमारें ४,००० डॉलर लागत, भर ०.७१, टिकणार ४८ वर्षें. म्हणजे गुणभारित वर्षें सुमारें ३४. वाचकांनीं भागाकार करून पाहावा; दोन्हीकडे उत्तर ११८ डॉलरांच्या आसपास येतें. म्हणजे त्रैराशिकाच्या दृष्टीनें एका स्त्रीचे प्राण आणि शंभरावर दांत हे समतोल झाले. ४,००० डॉलरांत शंभरावर माणसांचें थोडथोडें सुख साधतें, आणि त्या थोडथोड्या सुखांची बेरीज एका जीविताएवढी भरते. गणितास यांत कांहीं वावगें दिसत नाहीं. परंतु ज्याच्या डोळ्यांसमोर ती स्त्री आहे असा कोणता मनुष्य तिला सोडून दांतांकडे वळेल?

कोणी म्हणालें, आंकडे कच्चे होते. आणि तें खरेंही होतें. परंतु आंकडे पक्के करून ही अडचण पूर्णपणें सुटत नाहीं, हेंही तितकेंच खरें आहे. बुडणाऱ्यास आधीं हात द्यावा, हा मनुष्याचा स्वभावधर्म आहे. त्या धर्मास भागाकारांत जागा नाहीं. आयोगानें ही गोष्ट ओळखली, आणि त्यांत त्याचा मोठेपणा आम्हांस दिसतो. त्यानें पहिली यादी बाजूस ठेविली, उपचारांचे १७ वर्ग पाडले, जीव वांचविणारे व पूर्ण बरे करणारे उपचार वर घेतले, बाळंतपण व मुलांची काळजी यांस वरचें स्थान दिलें, आणि उरलेला क्रम स्वतःच्या विवेकानें लावला. १९९१ च्या फेब्रुवारींत ७०९ उपचारांची नवी यादी तयार झाली. ५८७ व्या ओळीखालीं रेघ मारण्यांत आली. १९९२ च्या ऑगस्टमध्यें अध्यक्ष बुश यांच्या सरकारनें तीस मंजुरी नाकारली. अपंगतेचें वर्ष ज्या मापांत कमी भरतें, त्या मापानें अपंगांचें जीवित हलकें ठरतें, हा आक्षेप होता. तो केवळ वकिली नव्हता. आणखी दुरुस्त्या होऊन १९९३ च्या मार्चमध्यें अध्यक्ष क्लिंटन यांच्या कारकीर्दींत मंजुरी मिळाली, आणि १ फेब्रुवारी १९९४ रोजीं योजना सुरू झाली. एक लाखाहून अधिक गरीब तींत नव्यानें आले. ज्यांस कोणताच विमा नव्हता अशांचें राज्यांतील प्रमाण शेंकडा १८ वरून ११ वर उतरलें. मौज ही कीं, उपचार गाळून झालेली बचत अगदींच थोडी होती. पहिल्या पांच वर्षांत ती शेंकडा दोनांच्या आसपास भरली. यादी उघडी असल्यामुळें लोकांस वरचे उपचार पटले, आणि विधिमंडळानें नवा करही बसविला. म्हणजे कात्री म्हणून केलेली यादी प्रत्यक्षांत पैसा मागण्याचें साधन ठरली.

पण हें सुख टिकलें नाहीं. २००३ च्या मंदींत राज्यानें योजनेंतील एका मोठ्या वर्गाचे लाभ कापले व वर्गणी वाढविली. वर्षाच्या आंत त्या वर्गांतील माणसें निम्म्यावर आलीं. २००८ सालीं थोडा पैसा हातीं आला तेव्हां सुमारें १०,००० जागा भरावयाच्या होत्या आणि नांवें आलीं सुमारें ९०,०००. राज्यानें काय केलें? चिठ्ठ्या टाकल्या. ज्या राज्यानें न्यायाचें गणित मांडण्याकरितां इतकीं वर्षें खर्चिलीं त्यासच शेवटीं सोडतीचा आश्रय घ्यावा लागला. माणसें गाळावयाचीं नाहींत, उपचार गाळावयाचे, हें मूळ सूत्र तुटतांच गणितास कांहीं बोलावयास उरलें नाहीं. पुढें २०२२ च्या करारांत त्या यादीचा उपयोग २०२७ च्या आरंभापर्यंत थांबवावा, असें केंद्र सरकार व राज्य यांच्यांत ठरलें.

इंग्लंडनें दुसरी वाट धरिली. तेथें १ एप्रिल १९९९ रोजीं नव्या औषधांचें मूल्यमापन करणारी ‘नाइस’ ही राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. एका गुणभारित वर्षास २०,००० ते ३०,००० पौंड ही मर्यादा तिनें दीर्घकाळ पाळली. परंतु तिनेंही केवळ भागाकार प्रमाण मानला नाहीं. नागरिकांचें एक मंडळ नेमून त्याचें मत घेतलें. मरणासन्न रोग्यांच्या औषधांस २००९ पासून अधिक सवलत दिली. आणि २०२२ पासून रोग जितका भयंकर तितकें वर्षाचें वजन वाढवावें, प्रसंगीं १.७ पट धरावें, असा नियम केला. ओरेगॉनच्या आयोगास एका यादींत जें उमगलें तेंच या संस्थेनें वीस-बावीस वर्षांत हळूहळू आपल्या गणितांत उतरविलें.

या सर्व इतिहासावरून आम्ही काय घ्यावें? हिशेब हा निर्दयपणा आहे असें म्हणून त्याकडे पाठ फिरविणें सोपें आहे. परंतु हिशेब न करणें म्हणजे निवड न करणें नव्हे. तसें केल्यानें फक्त निवडणारा अदृश्य होतो. ज्याची ओळख आहे, ज्याचें छायाचित्र बोलकें आहे, ज्याचें गांव मोठ्या रुग्णालयाजवळ आहे, तो वांचतो. हिशेबाचा उपकार हा कीं, तो न दिसणाऱ्या १,५०० जणांस निदान एका ओळींत तरी आणून उभें करतो. मात्र त्यानें न्यायाधीशाच्या आसनावर बसूं नये. साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें राहून विचारल्या प्रश्नाचें खरें उत्तर द्यावें. शंभर दांत आणि एक स्त्री हीं समान आहेत असें तो सांगेल. तीं समान मानावयाचीं कीं नाहींत हें माणसांनींच ठरवावयाचें आहे.

आणि तीं माणसें कोण? येथें ओरेगॉनच्या थोर प्रयत्नांतील सर्वांत मोठी उणीव आम्हांस दिसते. त्या ४७ सभांस आलेले लोक पुष्कळसे वैद्यकीय व्यवसायांतलेच होते. ज्यांच्या उपचारांवर रेघ पडावयाची होती ते गरीब त्यांत थोडे होते. रेघ मारणाऱ्यांच्या स्वतःच्या विम्यास ती रेघ लागू नव्हती. दुसऱ्याच्या ताटांतील घांस मोजणें नेहमींच सोपें असतें.

आमच्याकडेही हें गणित आतां आलें आहे. २०१६ सालीं जिल्हा रुग्णालयांतून गरिबांस डायलिसिस मिळावें म्हणून राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर झाला. २०१७ सालीं केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागानें औषधें व उपकरणें यांच्या मूल्यमापनाची व्यवस्था उभारली. महाराष्ट्रांत महात्मा फुले यांच्या नांवें चालणाऱ्या आरोग्य योजनेंत कोणते उपचार मिळावयाचे याची ठरीव यादी असते. यादी आली म्हणजे रेघही आलीच. ती रेघ कोठें पडली, कोणत्या कारणानें पडली, आणि ती मारतांना तिच्याखालीं सांपडणाऱ्यांपैकीं कोणी तेथें बसलेला होता काय, एवढें विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे. सिअ‍ॅटलच्या सात जणांचीं नांवें गुप्त होतीं. ओरेगॉनच्या अकरा जणांनीं आपली फजिती चव्हाट्यावर होऊं दिली आणि म्हणूनच ती दुरुस्त करतां आली. दैनिकाच्या कोपऱ्यांतलें तें छायाचित्र पुन्हां दिसेल तेव्हां वाचकांनीं यथाशक्ति मदत अवश्य धाडावी. आणि मग त्या मुलाचा रोग यादींत कां नाहीं, हें विचारणारें एक पत्रही त्याच दिवशीं सरकारास लिहावें.